यादीत कोणाचे नाव?
युनानची लोकशाही आणि आजची सरकारे

युनान हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. हकीमसाहेबांकडून आणलेली माजून किंवा शरबत आपण 'युनानी दवा' म्हणून घेतो, ती याच युनानच्या नावाने. जालीनूस, सुक्रात, अफलातून, अरस्तू ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सहज येत. आजची मुले त्यांनाच गॅलन, सॉक्रेटिस, प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल म्हणतात. नावे दोन, माणसे तीच.

याच युनानने, म्हणजे प्राचीन ग्रीसने, जगाला 'डेमॉक्रसी' हा शब्द दिला. 'डेमॉस' म्हणजे लोक आणि 'क्रॅटॉस' म्हणजे सत्ता. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत संपते: लोकशाहीचा जन्म ग्रीसमध्ये झाला. ओळ पाठ होते, पण त्यामागचे प्रश्न तसेच राहतात. त्या लोकशाहीत 'लोक' कोणाला म्हणत होते? त्यांची यादी कोण करत होते? आणि बहुसंख्य लोकांनीच एखाद्यावर अन्याय केला, तर त्याने जायचे कोठे?

हे तीन प्रश्न घेऊन आपण या लेखात अथेन्स शहरात जाणार आहोत. कोणत्याही लोकशाहीची पारख मतपेटीपेक्षा या प्रश्नांच्या उत्तरात अधिक होते, असे आम्हाला वाटते.

कर्जाच्या जाचातून सुरुवात

अथेन्सची लोकशाही एका दिवसात किंवा एखाद्या थोर माणसाच्या मनात उगवली नाही. तिची सुरुवात कर्जापासून झाली. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी तेथली जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात होती. गरीब शेतकरी कर्ज काढी आणि तारण म्हणून स्वतःचे शरीर ठेवी. कर्ज फिटले नाही की तो आणि त्याची बायकामुले सावकाराची गुलाम होत. काहींना तर परदेशात विकले जाई.

शहरात यादवी पेटण्याची वेळ आली, तेव्हा इ. स. पूर्व ५९४ मध्ये सोलॉन नावाच्या गृहस्थाला दोन्ही बाजूंनी मध्यस्थ नेमले. त्याने जुनी कर्जे रद्द केली आणि माणसाचे शरीर तारण ठेवण्यास कायमची बंदी घातली. आणखी दोन गोष्टी त्याने केल्या. अधिकाऱ्याचा निवाडा मान्य नसेल तर लोकांच्या न्यायालयाकडे दाद मागता येईल, ही पहिली. अन्याय दुसऱ्यावर झाला असला तरी कोणाही नागरिकाला त्याच्या वतीने फिर्याद करता येईल, ही दुसरी. शेजाऱ्यावरचा जुलूम हा आपलाही प्रश्न आहे, हे येथे पहिल्यांदा कायद्यात लिहिले गेले. पुढे अ‍ॅरिस्टॉटलने सोलॉनची कामे मोजली, तेव्हा याच गोष्टींना त्याने लोकांच्या सर्वांत हिताच्या ठरवले.

त्यानंतर इ. स. पूर्व ५०८ च्या सुमारास क्लिस्थेनिसने राज्याची घडी बदलली. जुन्या घराण्यांचे गट मोडून त्याने सगळ्या प्रदेशाची १३९ लहान विभागांत वाटणी मानली. या विभागाला 'डीम' म्हणत. आपल्या भाषेत गाव किंवा मोहल्ला म्हणा. किनाऱ्यावरचे, शहरातले आणि आतल्या भागातले डीम एकत्र करून दहा टोळ्या बनवल्या, म्हणजे कोणत्याही एका भागाचे किंवा घराण्याचे वर्चस्व राहू नये. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचे नाव वडिलांच्या डीमच्या यादीत चढे. ही यादी म्हणजेच नागरिकत्व. हे लक्षात ठेवू, कारण पुढची सगळी गोष्ट या यादीभोवती फिरते.

टेकडीवरची सभा आणि दगडावरची सोडत

अथेन्सचे नागरिक प्निक्स नावाच्या टेकडीवर जमत. इ. स. पूर्व चौथ्या शतकात वर्षातून चाळीस वेळा अशी सभा भरे. काही महत्त्वाच्या निर्णयांना किमान ६,००० मते पडावी लागत. दवंडीवाला उभा राहून विचारी की कोणाला बोलायचे आहे, आणि चांभार असो की जहाजमालक, कोणीही उठून बोलू शके. युद्ध करायचे की तह, धान्य कोठून आणायचे, जहाजे किती बांधायची, हे सारे तेथे हात वर करून ठरे. निवडून दिलेला आमदार किंवा खासदार मध्ये नव्हता. मजुरी बुडते म्हणून गरीब माणूस सभेला येत नाही हे दिसले, तेव्हा इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास सभेला येण्याचा भत्ता सुरू झाला. न्यायालयात बसणाऱ्यांना तो पेरिक्लीजच्या काळापासूनच मिळत होता.

सभेपुढे कोणते विषय ठेवायचे हे पाचशे जणांचे मंडळ ठरवी. हे पाचशे लोक निवडणुकीने येत नसत, सोडतीने येत. म्हाडाच्या घरांची सोडत आपण पाहतो, त्याच तत्त्वावर. प्रत्येक टोळीतून पन्नास, मुदत एक वर्षाची, आणि आयुष्यात दोन वेळांपेक्षा जास्त संधी नाही. त्यातलाच एक जण सोडतीने एक रात्र आणि एक दिवस अध्यक्ष होई. राज्याची मोहोर आणि खजिन्याच्या किल्ल्या त्या चोवीस तासांपुरत्या त्याच्या हातात असत.

न्यायालयासाठी दरवर्षी तीस वर्षांवरील ६,००० नागरिकांची नावे निघत. कोणत्या खटल्याला कोण बसणार हे त्याच दिवशी सकाळी ठरे, त्यामुळे आधी लाच पोहोचवणे अवघड. त्यासाठी उभ्या दगडात खाचांच्या रांगा कोरलेल्या असत. त्या खाचांत प्रत्येकाची नाव कोरलेली पट्टी बसवायची, बाजूच्या नळीतून पांढऱ्या-काळ्या गोट्या सोडायच्या. पांढरी आली तर ती रांग आत, काळी आली तर घरी. असे दगड अथेन्सच्या उत्खननात सापडले आहेत. दोन्ही बाजूंना बोलायला सारखा वेळ मिळावा म्हणून पाण्याचे घड्याळ लावत, आणि दोन्ही बाजू सारख्याच लक्षाने ऐकू अशी शपथ न्याय देणारे घेत.

सोडतच का? अ‍ॅरिस्टॉटलने याचे उत्तर लिहून ठेवले आहे. सोडत ही लोकशाहीची पद्धत आणि निवडणूक ही मोजक्यांच्या राज्याची पद्धत मानली जाते, असे तो सांगतो. निवडणुकीत पैसा, घराणे आणि वक्तृत्व जिंकते. सोडतीत सामान्य माणसालाही पाळी येते. मात्र जेथे कसब लागते तेथे अथेन्सचे लोक निवडणूकच घेत. दहा सेनापती दरवर्षी मतदानाने निवडले जात.

अधिकारी कोणत्याही पद्धतीने आलेला असो, त्याच्यावर पहारा होता. पद घेण्यापूर्वी त्याची चौकशी होई. वर्ष संपले की पै-पैचा हिशेब द्यावा लागे, आणि तो मंजूर होईपर्यंत त्याला देश सोडता येत नसे.

सभेबाहेर राहिलेले

येथवर वाचून कोणालाही वाटेल की हे किती न्यायी राज्य! आता त्या टेकडीवर कोण नव्हते ते पाहू.

स्त्रिया नव्हत्या. अथेन्सच्या नागरिकाची मुलगी, बायको किंवा आई असली तरी तिला सभेत जागा नव्हती, मत नव्हते, डीमच्या यादीत तिचे नाव नव्हते. न्यायालयात तिच्या वतीने घरचा पुरुष बोले.

गुलाम नव्हते. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत, शेतांत, कारखान्यांत, घराघरांत ते राबत. सभेत गडबड झाली तर शांतता राखणारे सिथियन तिरंदाज हेसुद्धा सरकारने विकत घेतलेले गुलामच होते. नागरिकांना राज्यकारभार करायला जी सवड मिळे, तिची किंमत बरीचशी या लोकांनी मोजली.

आणि पिढ्यानपिढ्या तेथे राहणारे, पण 'बाहेरचे' ठरवलेले लोक नव्हते. त्यांना 'मेटिक' म्हणत. ते व्यापार करत, कर भरत, लढाईत जात. दरवर्षी पुरुषाला बारा आणि एकट्या कमावत्या स्त्रीला सहा द्राख्मा असा वेगळा कर केवळ तेथे राहण्याबद्दल द्यावा लागे. ज्या अ‍ॅरिस्टॉटलने अथेन्सच्या राज्यघटनेबद्दल आपल्याला सर्वांत जास्त सांगितले, तो स्वतः स्टॅगिरा गावचा होता. अथेन्सच्या सभेत मत देण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता.

अभ्यासकांच्या अंदाजाने चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक तीस हजारांच्या आसपास होते, तर तेथली एकूण वस्ती दोन-तीन लाखांच्या घरात. म्हणजे लोकांचे राज्य होते खरे, पण 'लोक' फार थोडे होते.

इ. स. पूर्व ४५१ मध्ये ही व्याख्या आणखी आवळली गेली. तोपर्यंत वडील अथेन्सचे असले की पुरे होई. पेरिक्लीजने कायदा आणला की आई आणि वडील दोघेही अथेन्सच्या नागरिक कुळातले हवेत. काही वर्षांनी इजिप्तच्या राजाकडून धान्याची मोठी भेट आली. धान्य फक्त नागरिकांना वाटायचे होते, म्हणून खरे नागरिक कोण याची शोधाशोध आणि एकमेकांवर खटले सुरू झाले. पाच हजारांना थोडे कमी इतके लोक दोषी ठरून गुलाम म्हणून विकले गेले, असे प्लुटार्क लिहितो. हा आकडा फुगवलेला असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, पण धान्य वाटायची वेळ आली की यादीकडे बोट जाते, ही गोष्ट कोणालाही समजण्यासारखी आहे.

हा कायदा करणाऱ्या पेरिक्लीजलाच तो पुढे नडला. मिलेटस शहरातून आलेल्या अ‍ॅस्पेशियापासून त्याला मुलगा होता. आई परकी, म्हणून मुलगा नागरिक नव्हता. अथेन्समध्ये साथ आली आणि पेरिक्लीजचे दोन्ही कायदेशीर मुलगे वारले. तेव्हा त्याला सभेपुढे हात पसरावे लागले. सभेने दया दाखवली आणि त्या एका मुलाचे नाव यादीत चढले. इतर हजारोंचे बाप पेरिक्लीज नव्हते.

बहुमत चुकते तेव्हा

आता तिसरा प्रश्न. बहुमतानेच अन्याय केला तर?

इ. स. पूर्व ४२८ मध्ये मायटिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केले. बंड मोडल्यावर संतापलेल्या सभेने ठराव केला की तेथले सगळे प्रौढ पुरुष मारावेत आणि बायकामुले विकावीत. हुकूम घेऊन जहाज निघाले. रात्र गेली आणि लोकांना स्वतःच्याच निर्णयाची धास्ती वाटू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली, वाद झाला आणि थोड्याच मतांनी ठराव फिरला. दुसरे जहाज सुटले. वल्हवणाऱ्यांनी जागेवरच खात, आळीपाळीने झोपत ते हाकले. पहिल्या जहाजाने आणलेला हुकूम तेथे वाचून झाला होता, अंमल सुरू व्हायचा होता, तेवढ्यात दुसरे पोहोचले. शहर वाचले, तरी बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसे मारली गेलीच.

दुसऱ्या वेळी दुसरे जहाज नव्हते. इ. स. पूर्व ४०६ मध्ये आर्गिनुसीच्या आरमारी लढाईत अथेन्स जिंकले, पण वादळामुळे बुडत्या खलाशांना वाचवता आले नाही. शहर शोकाने आणि रागाने पेटले. आठ सेनापतींचा निवाडा एकाच मताने, एकत्र करावा असा प्रस्ताव आला. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवणे ही तेथली रीत होती, ती कोणीतरी आठवून दिली. तर लोकांना हवे ते करू न देणे भयंकर आहे, असा गलका उठला. सभा चालवणाऱ्या पन्नास जणांत त्या वेळी सोडतीने आलेला सॉक्रेटिस होता. बेकायदा प्रस्ताव मताला टाकण्यास त्याने नकार दिला. मत झालेच. हजर असलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड दिला गेला. त्यांतला एक होता पेरिक्लीज, अ‍ॅस्पेशियाचा मुलगा, ज्याला याच सभेने नागरिक करून घेतले होते. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला, पण मेलेली माणसे परत आली नाहीत. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसलाही लोकांच्याच न्यायालयाने विषाचा प्याला दिला.

अथेन्सचे लोक यातून काहीच शिकले नाहीत असे मात्र नाही. मधल्या काळात तीस जुलमी लोकांच्या मंडळाने शहर ताब्यात घेतले होते आणि सुमारे दीड हजार माणसे मारली होती. इ. स. पूर्व ४०३ मध्ये लोकशाही परत आली, तेव्हा जिंकलेल्यांनी सूड घेण्याऐवजी आम माफी जाहीर केली. त्याच सुमारास एक तत्त्व लिहून काढले: सभेचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा वरचढ नाही. एखाद्या एकट्या माणसाला लक्ष्य करून कायदा करायचा नाही, हेही ठरले. त्याला अपवाद हवाच असेल तर ६,००० लोकांचे गुप्त मतदान हवे. सभेने ठराव केला तरी तो कायद्याविरुद्ध आहे म्हणून कोणीही नागरिक न्यायालयात जाऊ शके.

बहुमताला लगाम हवा, हे अथेन्सच्या लोकांना रक्त सांडल्यावर कळले.

युक्झिथियसची फिर्याद

या लगामाचा उपयोग एका साध्या माणसाला कसा झाला, हे सांगणारे एक भाषण आजही टिकून आहे. डेमॉस्थेनिस हा मोठा वक्ता. युक्झिथियस नावाच्या नागरिकासाठी त्याने ते लिहून दिले.

इ. स. पूर्व ३४६ मध्ये अथेन्सने ठरवले की सगळ्या डीमच्या याद्या तपासायच्या. प्रत्येक डीममध्ये एकेक नाव पुकारायचे आणि हा खरा नागरिक आहे की नाही यावर शेजाऱ्यांनी मत द्यायचे. युक्झिथियस हालिमुस या किनाऱ्यावरच्या डीमचा. तेथे युबुलिडीस नावाच्या पुढाऱ्याशी त्याचे जुने वैर होते. युक्झिथियस सांगतो, त्या दिवशी युबुलिडीसने भाषणांत आणि ठरावांत वेळ घालवला. आपले नाव मुद्दाम शेवटी, अंधार पडल्यावर पुकारले गेले. दूरची, वयस्क माणसे तोपर्यंत निघून गेली होती. तीसच माणसे उरली होती, पण मते मोजली तर साठाच्या वर निघाली. आणि नाव कापले गेले.

मतांची अशी लबाडी तेथे नवी नव्हती. त्या आधीच्या शतकात नकोशा पुढाऱ्याचे नाव खापरीवर लिहून त्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करण्याची प्रथा होती. अ‍ॅक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीजचे नाव कोरलेल्या १९० खापऱ्या सापडल्या, आणि अक्षर पाहिले तर ती मोजक्याच हातांची. कोणीतरी वाटण्यासाठी आधीच लिहून ठेवलेल्या!

आता युक्झिथियसवरचे आरोप पाहा. पहिला: याच्या बापाचे बोलणे परक्यासारखे होते. त्याचे उत्तर: वडील युद्धात पकडले गेले, परमुलखात विकले गेले, कित्येक वर्षांनी सुटून घरी आले, म्हणून बोली बदलली. दुसरा: याची आई बाजारात फिती विकत असे आणि दुसऱ्यांची मुले दूध पाजून सांभाळत असे, म्हणजे ती गुलाम किंवा परकी असली पाहिजे. त्याचे उत्तर: होय, आम्ही गरीब होतो. नवरा युद्धावर गेलेला, पदरात मुले, ती काय करणार? बाजारात कष्ट करणाऱ्याला त्यावरून हिणवू नये असा शहराचाच कायदा आहे. आणि पूर्वी युबुलिडीसचे वडील डीमचे प्रमुख होते, तेव्हा यादीच हरवल्याचे सांगितले गेले होते, याचीही तो आठवण देतो.

अथेन्समध्ये जन्माचा दाखला नव्हता. म्हणून तो माणसे उभी करतो: वडिलांचे चुलतभाऊ, आईकडचे नातेवाईक, कुळातले लोक, डीममधले शेजारी. लग्नाला कोण होते, आजोबांना कोठे पुरले, हे एकेक सांगून तो आपले घर न्यायालयापुढे मांडतो. धोका लहान नव्हता. अपील केले नाही तर नागरिकत्व गमावून मेटिक म्हणून जगता येई. अपील करून हरला तर गुलाम म्हणून विकला जाई. तरीही तो उभा राहिला.

निकाल काय लागला हे इतिहासाने जपून ठेवले नाही. पण एक गोष्ट मनात घर करते. त्याच्या आईचे, निकारेटीचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. मुलाचे नाव यादीत राहावे म्हणून तिच्या गरिबीचा, तिच्या कष्टाचा हिशेब मात्र भर न्यायालयात द्यावा लागला.

बगदाद आणि कुर्तुबामार्गे

इ. स. पूर्व ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या सैन्याने अथेन्सची लोकशाही मोडली. शब्द आणि ग्रंथ उरले, आणि त्यांना जपणाऱ्यांत आपल्या इतिहासातले विद्वान आहेत. अब्बासी काळात बगदादमध्ये युनानी ग्रंथांची अरबी भाषांतरे झाली. दहाव्या शतकात अबू नस्र अल-फाराबीने राज्यांचे प्रकार सांगताना एका 'जमाई' नगराचे वर्णन केले. तेथे प्रत्येकजण स्वतंत्र असतो, नाना जातीची, नाना विचारांची माणसे येऊन राहतात. फाराबी या नगराला आदर्श मानत नव्हता, कारण त्याला ज्ञानी माणसाचे राज्य हवे होते. पण अपुऱ्या नगरांत हेच लोकांना सर्वांत हवेहवेसे वाटते, येथे वाईटही वाढते आणि चांगलेही, आणि गुणी माणसे घडायला येथे वाव असतो, हे त्याने मोकळेपणाने लिहिले.

बाराव्या शतकात कुर्तुबाच्या इब्न रुश्दला अ‍ॅरिस्टॉटलचा राजकारणावरचा ग्रंथ मिळाला नाही, म्हणून त्याने अफलातूनच्या 'रिपब्लिक'वर भाष्य लिहिले. त्यात तो आपल्या काळातल्या शहरांबद्दल म्हणतो की तेथे स्त्रियांना फक्त मुले वाढवण्यापुरते ठेवले जाते, त्यांच्या क्षमता कळतच नाहीत, त्या जणू वनस्पतींसारख्या होऊन राहतात. आणि या शहरांच्या गरिबीचे हे एक कारण आहे. प्निक्सच्या टेकडीवर जी उणीव कोणाला खटकली नाही, ती या काझीला खटकली. या भाष्याचे अरबी मूळ हरवले. हिब्रू भाषांतरामुळे ते वाचले.

अ‍ॅरिस्टॉटलचा तो ग्रंथ १२६० च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या विद्यापीठांत राज्यसत्तेवरची चर्चा नव्याने सुरू झाली.

आजच्या सरकारांनी काय घेतले, काय सोडले

आजची सरकारे अथेन्सची नक्कल आहेत असे समजणे चूक ठरेल. अमेरिकेची राज्यघटना करणाऱ्यांना अथेन्सची भीतीच वाटत होती. १७८७-८८ मध्ये जेम्स मॅडिसनने लिहिलेल्या लेखांत सूर असा की फार मोठी सभा, तिच्यातली माणसे कितीही शहाणी असली, तरी झुंडीसारखी वागू शकते. त्यांनी रोमकडे पाहिले. 'सिनेट' हे नाव तेथूनच आले. लोकांनी स्वतः राज्य करण्याऐवजी प्रतिनिधी निवडायचे, ही आजची पद्धत अथेन्सकराला मोजक्यांचे राज्य वाटली असती.

मग अथेन्सकडून आले काय? मुख्यतः काही कल्पना. सत्ता लोकांची आहे, अधिकाऱ्याने हिशेब दिला पाहिजे, पद मुदतीपुरते असावे, आणि कायदा ठरावापेक्षा मोठा असावा. सोडतीची कल्पनाही अलीकडे परत येत आहे. आयर्लंडने २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिकांची यादृच्छिक निवड करून त्यांच्यापुढे घटनेचे अवघड प्रश्न ठेवले.

अथेन्सबद्दलचे युरोपचे मत बदलण्यात जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचा मोठा वाटा आहे. १८४६ ते १८५६ या काळात त्याचा ग्रीसचा बारा खंडांचा इतिहास निघाला. क्लिस्थेनिसच्या अथेन्सबद्दल लिहिताना त्याने 'घटनात्मक नैतिकता' ही कल्पना मांडली. हा ग्रोट आपल्या संविधान सभेत पोहोचला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा आधार घेतला आणि बजावले की घटनेबद्दलचा हा आदर माणसात आपोआप येत नाही, तो जोपासावा लागतो, आणि आपल्या लोकांना तो अजून शिकायचा आहे. पुढच्या वर्षी त्यांनी हेही सांगितले की सभा चालवण्याचे नियम या देशात बौद्ध भिक्खू संघांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. एकत्र बसून विचार करण्याची रीत एकट्या युनानची नाही. आपण शूरा म्हणतो तीही मशवऱ्याचीच परंपरा आहे.

अथेन्सला जे जमले नाही, ते मात्र नंतरच्या जगाने हळूहळू केले. अमेरिकेत गुलामी १८६५ मध्ये संपली. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना १८९३ मध्ये मत मिळाले, खुद्द ग्रीसमध्ये १९५२ मध्ये आणि स्वित्झर्लंडच्या संघराज्यात थेट १९७१ मध्ये. भारताने १९५० च्या संविधानातच, शिक्षण, मालमत्ता, धर्म, जात किंवा लिंग न पाहता, प्रत्येक सज्ञान नागरिकाला मत दिले. निकारेटीसारखी फिती विकणारी बाई या देशात यादीवर आली, तेही पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत.

आपल्या घरासाठी

वाचक बंधू-भगिनींनो, इतिहास वाचून तो कपाटात ठेवण्याचा आपला शिरस्ता नाही. म्हणून दोन-तीन साध्या गोष्टी.

मतदार यादी प्रसिद्ध होते तेव्हा घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचे नाव पाहावे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की तिचे नाव एका यादीतून जाते आणि दुसरीत चढायचे राहते. अब्दुल रहीमचा अब्दुर्रहीम होतो, आडनावात एक काना चुकतो. अशा दुरुस्तीसाठी अर्ज, नाव वगळण्याआधी सुनावणी आणि निर्णय न पटल्यास अपील, या सोयी आपल्या कायद्यात आहेत. त्या वापराव्यात, आणि मुदतीत वापराव्यात. घरातले जुने कागद एका पिशवीत नीट ठेवावेत.

ग्रामसभेला जावे. प्निक्सच्या टेकडीवरचा तो प्रश्न, कोणाला बोलायचे आहे, आज थेट आपल्याला विचारला जातो तो तेथेच. शक्य असेल तर घरातल्या बायकांनीही जावे, कारण पाण्याच्या आणि रेशनच्या अडचणी त्यांना जास्त ठाऊक असतात.

आणि मुलांना लोकशाहीचा जन्म ग्रीसमध्ये झाला हे शिकवताना युक्झिथियसची हकीकतही सांगावी. अंधार पडल्यावर शेजाऱ्याचे नाव पुकारले जाईल, तेव्हा लवकर घरी न जाता शेवटपर्यंत थांबणारी माणसे लागतात. हालिमुसच्या लोकांत त्या रात्री ती कमी पडली.